ताजेपणा गोठवणारा माणूस

डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त झाला, की पुण्या-मुंबईतील अनेक घरांत शेंगा सोलण्याचा कार्यक्रम रंगतो. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटे ठेवायचे, लगेच गार पाण्यात टाकायचे, कोरडे करून पिशव्यांत भरायचे आणि फ्रीजरमध्ये रचून ठेवायचे. मग ऐन मे महिन्यात अवचित पाहुणे आले, तरी मटारभाताची पंचाईत होत नाही. ज्यांना एवढी उसंत नाही, ते दुकानातून गोठवलेल्या मटारची पिशवीच उचलतात. दुकानातील त्याच काचेच्या कपाटात मटारशेजारी आता पराठे, कबाब, मासळीचे तुकडे आणि नुसते गरम करून खाता येईल असे संपूर्ण जेवणही मांडलेले असते.

नोकरी, प्रवास आणि घर यांच्या ओढाताणीत सापडलेल्या शहरी कुटुंबाला या कपाटाचा मोठा आधार वाटतो. तरीही पिशवी हातात घेताना मनात शंका डोकावतेच. हे अन्न ताजे म्हणायचे की शिळे? ते प्रकृतीला मानवेल का? मुलांच्या पानात ते वाढावे का? या प्रश्नांची उत्तरे आहारशास्त्राच्या पुस्तकांत मिळतात. पण ती एका माणसाच्या आयुष्यातही सापडतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय हे त्याचे नाव. आपल्याकडे ते फारसे परिचित नसले, तरी फ्रीजरमधील प्रत्येक पिशवीवर त्याच्या विचाराची अदृश्य मोहोर आहे.

निसर्गाचे वेड, जिभेचे कुतूहल

क्लॅरेन्स बर्ड्सआय यांचा जन्म ९ डिसेंबर १८८६ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. वडील वकील आणि घरात नऊ भावंडे. क्लॅरेन्स त्यांतले सहावे. लहानपणापासून त्यांना दोन छंद जडले आणि ते जन्मभर सुटले नाहीत. पहिला छंद प्राणी, पक्षी आणि कीटकांचा. मृत पक्ष्या-प्राण्यांत पेंढा भरून ते टिकवण्याची विद्या त्यांनी शाळकरी वयातच आत्मसात केली होती. दुसरा छंद स्वयंपाकाचा. ज्या काळात मुलग्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकणे चमत्कारिक समजले जाई, त्या काळात त्यांनी शाळेत पाककलेचा वर्ग आवडीने केला. एखादी वस्तू टिकवायची कशी आणि तिची चव कशी असते, हे दोन प्रश्न पुढे एकाच धाग्यात गुंफले जाणार होते, याची त्या मुलाला अर्थातच कल्पना नव्हती.

मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात त्यांनी जीवशास्त्राच्या ओढीने प्रवेश घेतला. कीटकांच्या नादामुळे मित्रांनी त्यांचे नावच ‘बग्ज’ ठेवून टाकले. परंतु घरची आर्थिक स्थिती ढासळत चालली होती. शुल्क भरण्यासाठी हा विद्यार्थी प्राणिसंग्रहालयातील सापांच्या खाद्यासाठी बेडूक पकडून विकी, तर आनुवंशिकतेच्या अभ्यासकांना उंदीर पुरवी. एवढे करूनही निभाव लागला नाही. पदवी न घेताच त्यांना महाविद्यालय सोडावे लागले. अन्नतंत्रज्ञानाच्या इतिहासात अढळ स्थान मिळवणाऱ्या या माणसाच्या नावापुढे त्या काळी शास्त्राची कोणतीही पदवी नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर त्यांनी अमेरिकी सरकारच्या जीवशास्त्रीय सर्वेक्षण विभागात नोकरी धरली. न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोनाच्या रखरखीत प्रदेशात त्यांनी प्राण्यांच्या नोंदी केल्या. १९१०च्या सुमारास ते माँटाना प्रांतातील बिटररूट खोऱ्यात दाखल झाले. तेथे गोचिडींमार्फत पसरणाऱ्या एका जीवघेण्या तापाने लोक हैराण झाले होते. कोणत्या प्राण्यांवर कोणत्या गोचिडी वाढतात, याचा शोध घेणाऱ्या पथकात बर्ड्सआय काम करत होते. या तापावर तेव्हा औषध नव्हते. एक चावा प्राणावर बेतू शकला असता. तरीही शेकडो प्राणी पकडून त्यांच्या अंगावरील गोचिडी वेचण्याचे काम त्यांनी निष्ठेने केले. रानात राहताना जे मिळेल ते शिजवून, चाखून पाहण्याची त्यांची सवयही याच काळात पक्की झाली.

लॅब्राडोरची शाळा

१९१२ मध्ये बर्ड्सआय यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरील लॅब्राडोर हा आज कॅनडात मोडणारा प्रदेश. तेथील कोळ्यांची आणि मूळ रहिवाशांची सेवा करणारे ब्रिटिश मिशनरी डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल यांच्या जहाजावरून ते तेथे पोहोचले. गेले होते काही आठवड्यांसाठी. राहिले मात्र काही वर्षे. केसाळ, रुपेरी कोल्ह्यांच्या कातड्याला तेव्हा श्रीमंतांच्या बाजारात सोन्याचा भाव होता. कोल्हे पाळून त्यांच्या फरचा व्यापार करण्याचा बर्ड्सआय यांचा बेत होता. कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाडीवरून त्यांनी त्या हिमप्रदेशात मैलोन्‌मैल प्रवास केला.

१९१५ मध्ये त्यांचा एलेनॉर गॅनेट यांच्याशी विवाह झाला. पुढच्याच वर्षी हे दांपत्य अवघ्या काही आठवड्यांच्या बाळाला घेऊन लॅब्राडोरला परतले. आता प्रश्न केवळ फरच्या व्यापाराचा राहिला नव्हता. बायको-मुलाच्या जेवणाचा होता. लांबलचक हिवाळ्यात समुद्र गोठला, की जहाजे येणे थांबे. ताजी भाजी म्हणजे दुर्मीळ चैन. डबाबंद आणि खारवलेल्या पदार्थांवर महिनोन्‌महिने काढावे लागत. अशा ठिकाणी एका तान्ह्या बाळाच्या आईला सकस अन्न कसे मिळणार, ही चिंता या तरुण पित्याला सतावत होती.

याचे उत्तर डोळ्यांसमोरच होते. तेथील इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे धरत. तापमान कधी कधी उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरे आणि वर सोसाट्याचा वारा. पाण्याबाहेर काढलेला मासा बघता बघता दगडासारखा घट्ट होई. नवल पुढेच होते. असा मासा कित्येक आठवड्यांनी वितळवून शिजवला, तरी चवीला थेट ताज्यासारखा लागे. इन्युइटांना यात विशेष काहीच वाटत नव्हते. त्यांच्या कित्येक पिढ्या हेच करत आल्या होत्या. बर्ड्सआय यांनी मात्र स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. गोठवलेले मासे न्यूयॉर्कच्या बाजारातही मिळतात. मग ते लिबलिबीत आणि बेचव का लागतात?

त्यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा लक्षात आले की लॅब्राडोरमध्येही सगळेच गोठवलेले मांस सारखे लागत नाही. कडाक्याच्या थंडीत गोठलेले मांस चविष्ट असते. शरद किंवा वसंत ऋतूतील सौम्य थंडीत हळूहळू गोठलेले तितकेसे चांगले लागत नाही. म्हणजे केवळ थंडी पुरेशी नव्हती. ती किती वेगाने अन्नात शिरते, यावर सारे अवलंबून होते. मग त्यांनी पिंपात कोबी रचून, वर खारे पाणी ओतून तो गोठवून पाहिला. घरच्या जेवणासाठी केलेला हा उद्योग म्हणजेच त्यांच्या आयुष्यभराच्या प्रयोगांची नांदी होती.

या वेगामागचे शास्त्र समजायला अवघड नाही. मासा असो वा मटार, त्यात बहुतांश भाग पाण्याचा असतो. उणे एक ते उणे पाच अंश सेल्सिअस या टप्प्यात या पाण्याचा मोठा भाग बर्फात रूपांतरित होतो. हा टप्पा रेंगाळत पार पडला, तर बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक तयार होतात आणि ते पेशींच्या भिंती फाडतात. पदार्थ वितळताच पेशींमधला रस बाहेर वाहून जातो. त्याबरोबर चव जाते, पोत जातो आणि काही पोषणद्रव्येही जातात. हाच टप्पा झपाट्याने ओलांडला, तर स्फटिक अगदी बारीक राहतात आणि पेशी बऱ्याच अंशी शाबूत राहतात. त्या काळी व्यापारी पद्धतीने गोठवलेल्या अन्नाला कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागत. त्याची बदनामी उगाच झालेली नव्हती.

दिवाळे आणि दुसरा डाव

१९१७ मध्ये बर्ड्सआय कुटुंब अमेरिकेत परतले. पुढली काही वर्षे त्यांनी निरनिराळ्या नोकऱ्या केल्या. त्यांतली एक मत्स्यव्यवसायिकांच्या संघटनेतली होती. बंदरापासून शहरापर्यंत पोहोचताना किती मासळी वाया जाते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. बर्फात ठेवलेली मासळीही चार-दोन दिवसांत उतरते, हे आपल्याकडील कोणतीही कोळीण सांगू शकेल. लॅब्राडोरचा तो मासा त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. एक विजेचा पंखा, बादल्याभर मिठाचे पाणी आणि बर्फाच्या लाद्या एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्रयोगांना आरंभ केला, असे सांगितले जाते.

१९२३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध फुल्टन मासळीबाजाराच्या परिसरात स्वतःची कंपनी थाटली. मासळीचे स्वच्छ केलेले, काटे काढलेले तुकडे गोठवून विकायचे, अशी योजना होती. माल चांगला होता. पण गिऱ्हाईक फिरकेना. गोठवलेले म्हणजे निकृष्ट, हा ग्रह लोकांच्या मनात रुतून बसला होता. वर्षभरातच कंपनीचे दिवाळे निघाले. तोवर संसार वाढला होता आणि बर्ड्सआय यांचे वय चाळिशीकडे झुकले होते. अशा वेळी सुरक्षित नोकरी पाहून गप्प बसणारा माणूस शहाणा ठरला असता. त्यांनी मात्र आपल्या आयुर्विम्यावर पैसा उभा केला आणि काही भागीदार जमवून पुन्हा डाव मांडला.

या वेळी त्यांनी जागा बदलली. मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर हे जुने मासेमारी बंदर त्यांनी निवडले. कारण उघड होते. मासा समुद्रातून निघाल्यापासून तो गोठेपर्यंतचा वेळ जितका कमी, तितका माल उत्तम. शहराजवळ कारखाना आणि दूरवरून येणारी मासळी हे गणित त्यांनी उलटे केले. कारखानाच मासळीजवळ नेला. १९२५ मध्ये ‘जनरल सीफूड कॉर्पोरेशन’ या नव्या कंपनीचे काम तेथे मार्गी लागले.

बर्ड्सआय यांचे खरे योगदान कशात आहे, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. अन्न गोठवण्याची कल्पना त्यांची नव्हे. ती इन्युइटांची होती आणि व्यापारी प्रयत्नही त्यांच्या आधी इतरांनी केलेले होते. त्यांनी केले ते असे : पदार्थ स्वच्छ करून, विकायच्याच आकाराच्या चपट्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घट्ट भरायचा. मग ते खोके अतिथंड केलेल्या दोन धातूच्या पृष्ठभागांमध्ये दाबून धरायचे. दोन्ही बाजूंनी उष्णता एकाच वेळी शोषली गेल्याने आतला पदार्थ झपाट्याने गोठतो. खारे पाणी अन्नाला लागत नाही, हवेची पोकळी उरत नाही आणि गोठलेले खोके तसेच दुकानात पाठवता येते. आधी त्यांनी धातूच्या दोन सरकत्या पट्ट्यांचे यंत्र बनवले. नंतर अनेक थाळ्या एकावर एक असलेले, हलवण्यास सोपे यंत्र तयार केले. १९२७ मध्ये अर्ज केलेले त्यांचे प्रमुख पेटंट १९३० मध्ये मंजूर झाले.

यंत्राइतकाच त्यांचा कटाक्ष कच्च्या मालावर होता. गोठवण्याने वाईट मासा चांगला होत नाही, ही गोष्ट त्यांना पुरती उमगली होती. जे उत्तम आहे, तेच गोठवायचे. आज एखादे गोठवलेले जेवण सकस आहे की नाही, हे ठरवताना पहिली कसोटी हीच लावावी लागते.

स्प्रिंगफील्डचा प्रयोग

माल चांगला आणि यंत्रही चांगले. पण भांडवल तोकडे. १९२९ मध्ये पोस्टम ही बडी खाद्यपदार्थ कंपनी आणि गोल्डमन सॅक्स ही वित्तसंस्था यांनी मिळून बर्ड्सआय यांचा व्यवसाय आणि पेटंटे विकत घेतली. किंमत होती दोन कोटी २० लाख डॉलर. पोस्टमच्या मालकीणबाई मार्जोरी मेरिवेदर पोस्ट यांची नौका ग्लॉस्टरला थांबली असताना त्यांना चवदार बदक-हंसाचे जेवण मिळाले आणि तो पक्षी महिनोन्‌महिने गोठवलेला होता हे कळल्यावर त्या थक्क झाल्या, अशी कथा या व्यवहाराबद्दल रंगवून सांगितली जाते. तिच्यात तथ्य किती, हा भाग वेगळा. सौदा झाला आणि काही महिन्यांतच अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. पोस्टम कंपनीने ‘जनरल फूड्स’ असे नाव धारण केले. बर्ड्सआय यांच्या आडनावाचे दोन तुकडे करून ‘बर्ड्‌स आय’ ही मुद्रा जन्माला आली. सल्लागार म्हणून बर्ड्सआय संशोधनाशी जोडलेले राहिले.

६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहरातील मोजक्या दुकानांत हा माल प्रथम विक्रीस ठेवण्यात आला. मांसाचे विविध प्रकार, मासळी, कालवे, पालक, मटार, फळे अशी ती यादी होती. गंमत म्हणजे कंपनीने ‘गोठवलेले’ हा शब्दच टाळला आणि या पदार्थांना हिमकणांची आठवण करून देणारे ‘फ्रॉस्टेड फूड्स’ हे नाव दिले. जुन्या बदनामीची सावली नव्या मालावर पडू नये, हा त्यामागचा हेतू. प्रात्यक्षिके दाखवायला, चव द्यायला खास माणसे नेमण्यात आली.

तरीही लगेच यश मिळाले नाही. एकीकडे मंदीने लोकांचे खिसे रिकामे झालेले. दुसरीकडे दुकानांत माल ठेवण्यासाठी थंड कपाटे नाहीत, वाहून न्यायला थंड वाघिणी नाहीत आणि घरी नेल्यावर ठेवायला जागा नाही. तेव्हाच्या बहुतेक घरांत बर्फाची लादी ठेवायची पेटी असे, आजचा फ्रीजर नव्हे. १९३०च्या दशकाच्या मध्यात कंपनीने दुकानदारांना भाड्याने कपाटे देण्यास सुरुवात केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याचा तुटवडा पडला आणि डबाबंद अन्न सैन्याकडे वळवले गेले. त्या वेळी पुठ्ठ्याच्या खोक्यातील गोठवलेले अन्न सामान्य अमेरिकी स्वयंपाकघरात शिरले.

आज ज्याला शीतसाखळी म्हणतात, तिचा हा पाया. कारखान्यापासून ताटापर्यंत पदार्थ उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड राहिला पाहिजे, असा दंडक पुढे जगभर रूढ झाला. या साखळीची एक कडी निखळली, तरी बर्ड्सआय यांच्या यंत्राने साधलेले सगळे वाया जाते. वितळून पुन्हा हळूहळू गोठलेल्या पदार्थात तेच मोठे स्फटिक तयार होतात. शिवाय गोठवण्याने जंतू मरतातच असे नाही. बहुतेक नुसते निपचित पडून राहतात आणि ऊब मिळताच पुन्हा वाढू लागतात. म्हणून पिशवीत बर्फाचे खडे जमलेले दिसले, किंवा सुटे असायला हवेत ते मटार एका गोळ्यात चिकटलेले लागले, तर ती पिशवी परत ठेवावी. एकदा पूर्ण वितळलेला कच्चा पदार्थ पुन्हा गोठवू नये आणि मासळी-मांस ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यातच वितळू द्यावे, हे नियमही त्यातूनच आले आहेत.

भाज्यांनी संशोधकांना आणखी एक धडा शिकवला. नुसत्या गोठवलेल्या भाज्या काही आठवड्यांत रंग आणि चव गमावत. थंडीतही त्यांतील विकरे आपले काम संथपणे चालू ठेवत. गोठवण्यापूर्वी भाजी थोडा वेळ वाफेत किंवा उकळत्या पाण्यात धरली, तर ही विकरे निष्प्रभ होतात, असे दिसून आले. आपल्या घरातील मटारची ती दोन मिनिटे येथूनच आली. या क्रियेत ‘क’ जीवनसत्त्वाचा थोडा अंश जातो, हे खरे. पण शेतातून निघून चार-पाच दिवस टोपल्यांत फिरलेल्या भाजीतूनही तो जातच असतो. तोडणीनंतर काही तासांत गोठवलेला मटार पोषणात बाजारातील शिळ्या मटारापेक्षा सरस ठरू शकतो, तो यामुळेच.

थाळी आली, मीठही आले

बर्ड्सआय यांनी गोठवले ते मुख्यतः सुटे पदार्थ : मासा, मांस, भाजी, फळ. संपूर्ण जेवण गोठवून विकण्याची लाट नंतर आली. १९५४ मध्ये स्वॉन्सन कंपनीचे ‘टीव्ही डिनर’ अमेरिकेत देशभर गाजले. अ‍ॅल्युमिनियमच्या खणांच्या ताटलीत टर्कीचे मांस, मटार आणि रताळे. भट्टीत तापवायचे आणि दूरचित्रवाणीसमोर बसून खायचे. सोय अफाट होती. मात्र आरोग्याच्या दृष्टीने येथेच एक फाटा फुटला.

सुट्या मटारात मटाराखेरीज काही नसते. गोठवणे ही टिकवण्याची अशी पद्धत आहे, की तिला मिठाची, साखरेची वा रासायनिक परिरक्षकांची मुळात गरजच लागत नाही. लोणचे मिठावर टिकते, मोरंबा साखरेवर टिकतो. गोठवलेला मटार केवळ थंडीवर टिकतो. तयार जेवणात मात्र रस्सा येतो, तळण येते आणि चव खुलवण्यासाठी मीठ, तेल, लोणी सढळ हाताने येते. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एखाद्या तयार जेवणात त्यातला मोठा वाटा एकाच वेळी पोटात जाऊ शकतो. दोष थंडीचा नसतो. थंड होण्यापूर्वी त्या पदार्थात जे घातले गेले, त्याचा असतो.

म्हणूनच पिशवीच्या दर्शनी बाजूवरील रंगीत चित्रापेक्षा मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. घटकांची यादी जितकी आपल्या स्वयंपाकघरातील डब्यांशी जुळेल, तितके बरे. सोडियम, संपृक्त स्निग्धांश आणि प्रथिने यांचे आकडे पाहावेत आणि ते १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, हेही तपासावे. तयार जेवणच घ्यायचे, तर त्यासोबत वाटीभर साधी गोठवलेली भाजी वाफवून घेतली, की ताट बरेच सावरते.

याहून चांगला मार्ग घरचाच. छोले, राजमा, उसळी, डाळी, पावभाजीची भाजी, ओल्या नारळाचा चव हे सारे उत्तम गोठते. काकडी, कच्चा टोमॅटो किंवा कोशिंबीर गोठवली, तर वितळताच तिचे पाणी होते. घरच्या फ्रीजरला कारखान्यासारखा वेग नसतो. म्हणून बर्ड्सआय यांची युक्ती वापरावी. पातेलेच्या पातेले आत न ठेवता, निवलेला पदार्थ एका वेळेपुरता पिशवीत भरून, हवा काढून, पिशवी आडवी चपटी करून ठेवावी. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर वितळते. वर तारीख लिहावी. खाण्यापूर्वी पदार्थ सगळीकडून वाफा येईपर्यंत गरम करावा. जेथे वीज वारंवार जाते, तेथे साठा बेताचाच ठेवावा आणि वीज नसताना फ्रीजर उघडू नये.

अखेरचे पर्व

व्यवसाय विकून मिळालेल्या पैशांवर बर्ड्सआय यांना सुखाने निवृत्त होता आले असते. ग्लॉस्टरच्या किनाऱ्यावर त्यांनी प्रशस्त घर बांधले खरे. पण स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९३०च्या दशकात त्यांनी परावर्तक असलेल्या विजेच्या दिव्यांचा व अवरक्त दिव्यांचा उद्योग काढला. देवमासे टिपण्यासाठी धक्का न देणारी बंदूक बनवली. अन्न कमी वेळात वाळवण्याच्या पद्धतीवर अनेक वर्षे काम केले. जगभरातील मिळून त्यांच्या नावावर शेकडो पेटंटे गणली जातात. १९५१ मध्ये पत्नी एलेनॉर यांच्यासह त्यांनी रानफुलांच्या लागवडीवर एक पुस्तकही लिहिले. ब्रुकलिनमधील तो निसर्गवेडा मुलगा अजून जागा होता.

त्यांचा शेवटचा मोठा उद्योग महाराष्ट्राच्या वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. १९५०च्या दशकात वयाच्या पासष्टीनंतर ते दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात गेले आणि उसाच्या चिपाडापासून कागदाचा लगदा करण्याची पद्धत विकसित करू लागले. आपल्या साखर कारखान्यांत ‘बगॅस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच चिपाडावर आज वीज आणि कागद दोन्ही तयार होतात. वाया जाणाऱ्या वस्तूकडे पाहून त्यांचा हात नेहमीच शिवशिवत असे. मासळी असो वा चिपाड, नासाडी त्यांना पाहवत नव्हती.

पेरूहून परतल्यावर त्यांची प्रकृती खालावली. ७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ६९ वर्षांचे होते. ज्या समुद्राने त्यांना मासळी दिली, त्याच ग्लॉस्टरच्या समुद्रात त्यांच्या अस्थी विसर्जित करण्यात आल्या. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेने ६ मार्च हा दिवस गोठवलेल्या अन्नाचा राष्ट्रीय दिवस म्हणून घोषित केला, तो स्प्रिंगफील्डच्या त्या प्रयोगाची आठवण म्हणून.

बर्ड्सआय यांच्या आयुष्याने एक गोष्ट स्वच्छ दाखवून दिली. फ्रीजर अन्नाला जसे आहे तसे थांबवतो, त्याहून चांगले करत नाही. लॅब्राडोरच्या बर्फात त्यांनी आपल्या बाळासाठी कोबी गोठवला, तेव्हा त्यात ताजा कोबी, खारे पाणी आणि कडाक्याची थंडी यांखेरीज काही नव्हते. येत्या हिवाळ्यात मटार सोलायला बसू, किंवा दुकानातील काचेच्या कपाटाचे दार उघडू, तेव्हा एवढेच पाहावे : जे आपण गोठवत आहोत, किंवा कुणीतरी आपल्यासाठी गोठवले आहे, ते गोठण्यापूर्वी आपण आनंदाने ताटात वाढून घेतले असते का? उत्तर होय असेल, तर ती पिशवी खुशाल घरी आणावी.